‘जी, बराबर’ बंद झालं तो उन्हाळा

वैशाख शुद्ध तृतीया, सन १९५६. सकाळ, ऊन अजून कोवळं. कोल्हाळच्या ओढ्याचा अलीकडचा काठ, मोठी बाभूळ. हजर: दत्तराव पाटील, बसायला स्वतःची घोंगडी घेऊन. सटवाजी गवंडी, सगळ्यांच्या मागे, उभाच. गयाबाई आणि तिच्याबरोबर बावीस बाया, टोपल्या पालथ्या घालून त्यांवर बसलेल्या. गाडीवाले अकरा. चुन्याच्या घाणीचा रामा, बैलांशिवाय. आणि मी, गावचा ग्रामसेवक, वही घेऊन. ओव्हरसियर साहेब गैरहजर. आखणी करून देऊन आदल्या दिवशीच गेलेले.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीत आहे तशी उतरवली. वह्या मी टाकत नाही. बायको म्हणते, घरात ज्वारीच्या कणगीपेक्षा तुमच्या वह्यांनाच जागा जास्त लागते. खरं आहे. पण आज चार वर्षांनी ती वही शोधून काढायला लावली ती एका आवाजाने.

बदली झाल्यापासून मी जुन्या जालन्यात राहतो, दाण्याच्या आडतींच्या मागच्या गल्लीत. शेजारी लग्न आहे. काल सकाळी त्यांनी भिंती पांढऱ्या करायला पत्र्याच्या पिंपात कळीचा चुना टाकला आणि वरून पाणी ओतलं. चुना आधी गप्प बसतो. आपल्याला वाटतं, मेलेला माल आणला. मग आतून फुसफुस सुरू होते, ढेकळं तडकतात, पाणी आपोआप उकळायला लागतं आणि गरम, ओलसर, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा वास गल्लीभर पसरतो. मी दाढी करत होतो. वस्तरा हातात तसाच राहिला. गल्ली, आडती, हमालांची ओरड, सगळं मागे सरलं आणि मी ओढ्याच्या काठावर उभा होतो. बाभळीच्या शेंगा पायाखाली वाजत होत्या, वाळूवरून झळा उठत होत्या आणि मृगाला पंचवीस दिवस उरले होते.

काम होतं फरशीचं. फरशी म्हणजे पूल नव्हे. ओढ्याच्या पात्रातच दगड-चुन्याचा सपाट, रुंद पट्टा बांधायचा. पूर आला की पाणी त्याच्यावरून जातं, पूर ओसरला की गाड्या जातात. ती नव्हती तेव्हा आषाढापासून आमचं गाव बेट व्हायचं. मंठ्याचा बाजार पलीकडे, डॉक्टर पलीकडे, पोस्ट पलीकडे. अलीकडे आम्ही आणि चिखल.

तशी एक फरशी आधी बांधून झाली होती, दोन वर्षांपूर्वी. पहिल्याच पावसाळ्यात ती गेली. तिचे दगड ओढ्यात खाली दूरवर पडले होते, कुठे दोन, कुठे चार, उन्हाळ्यात पांढरे पडलेले. गुरं त्यांना अंग घासायची. बांधली होती सटवाजीने.

सटवाजी तेव्हा पंचेचाळिशीचा असेल. हात असे की दगड उचलायच्या आधी तो त्याच्यावरून नुसता तळवा फिरवायचा आणि कुठली बाजू वर यायची ते सांगायचा. पण फरशी गेली आणि त्याचं नाव तिच्याबरोबर गेलं. पारावर कुणीतरी म्हणायचं, “सटवाजी, चूल घालून द्या आमची, पर जरा पान्यापासून लांब बरं का.” तोही हसायचा त्यांच्याबरोबर. दोन वर्षं त्याने चुली घातल्या आणि गोठ्यातल्या गव्हाणी दुरुस्त केल्या. एकाने तुळशीवृंदावन सांगितलं होतं. तुळशीला रोज पाणी घालावं लागतं हे आठवून त्यानेही काम काढून घेतलं. वावरात जाताना सटवाजी ओढ्याच्या वाटेने जात नसे. अर्धा कोस वळसा घालायचा.

नवी मंजुरी आली तेव्हा पाटलांच्या मनात जालन्याहून गवंडी आणायचं होतं. पण श्रमदानाच्या कामाला गावचाच कारागीर हवा, असा नियम होता, आणि गावात दुसरा नव्हता. त्या संध्याकाळी सटवाजी माझ्या खोलीच्या दाराशी आला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

“भाऊसाहेब,” तो म्हणाला, “ही फरशी राह्यली तर मी गवंडी. गेली तर थापी ओढ्यात टाकतो आन् लोकाच्या वावरात खुरपायला जातो. घरी सांगून ठेवलंय.”

एवढं बोलून गेला. थापी म्हणजे त्याचं चुना सारखा करायचं हत्यार, वडिलांच्या हातचं. मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं. का, ते तेव्हा कळलं नाही. सगळंच लिहायची सवय.

आता आमच्याकडच्या एका रीतीबद्दल सांगायला हवं. साहेबापुढे किंवा मोठ्या माणसापुढे ‘समजलं नाही’ म्हणायचं नसतं. म्हटलं तर त्याचा अपमान आणि आपली लाज. साहेब सांगतात, आपण मान खाली घालून म्हणायचं, “जी, बराबर.” समजलं तरी जी बराबर, नाही समजलं तरी जी बराबर, आणि साहेबांचं चुकतंय हे डोळ्यांना दिसत असलं तर जास्तच मोठ्याने जी बराबर. कचेऱ्यांतले हुकूम वेगळ्या भाषेत, वेगळ्या लिपीत यायचे तेव्हापासूनची ही सवय असावी. राज्य बदललं, पाट्या बदलल्या, मान मात्र तशीच हलत राहिली. मी स्वतः त्याच मातीतला. तालुक्याच्या बैठकीत मीही कित्येकदा जी बराबर म्हणून आलोय आणि परतीच्या वाटेवर सोबतच्या माणसाला विचारलंय, काय म्हणाले हो?

तर पहिल्या सकाळी मी वही उघडली आणि यादी वाचली. यादी मी चार दिवस खपून केली होती. तशी सुबक यादी त्याआधी माझ्या हातून झाली नव्हती. चर कोण खणणार, दगड कोण आणणार, चुना कधी भिजणार, घाणी कधी चालणार, पाणी कोण वाहणार, सगळं क्रमाने, तारखेवार. वाचून झाल्यावर मी विचारलं, समजलं का सगळ्यांना? चाळीसेक माणसांनी एका आवाजात सांगितलं, “जी, बराबर.” मला फार बरं वाटलं. वही मिटून मी खिशात घातली.

पाचव्या दिवशी काय झालं होतं ते सांगतो. गाडीवाल्यांना ‘दगड ओढ्यावर आणून टाका’ असं सांगितलं होतं. त्यांनी आणले, भरपूर आणले, आणि आदल्या दिवशी खणलेल्या चरातच ओतले. कुणी विचारलं नाही, कुठे टाकू. विचारणार कसं, भाऊसाहेबांनी सांगितलंय म्हणजे विचार करूनच सांगितलं असेल. ते दगड हाताने बाहेर काढण्यात दोन दिवस गेले. चुना भिजवून तयार होता, पण घाणीत दळला जात नव्हता, कारण घाणीला बैल नव्हते. बैल पाटील देणार होते. पाटील म्हणाले, मी वाट पाहतोय, रामा न्यायला येईल. रामा म्हणाला, मी वाट पाहतोय, मालक धाडतील. मालकांच्या गोठ्यात मी कसा शिरू? तीन दिवस बैल गोठ्यात कडबा खात होते, घाणी उन्हात तडकत होती आणि दोघं एकमेकांचा मान राखत होते.

मृगाला सतरा दिवस उरले. सटवाजी दगड काढणाऱ्यांत होता. दगड काठावर ठेवायचा आणि पुन्हा चरात उतरायचा. माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटतं, तो मनातल्या मनात खुरपं धरायला शिकत होता.

दुपारी मी बाभळीखाली डोकं धरून बसलो होतो. गयाबाई पाणी प्यायला आली. पन्नाशीची, उंच, पुरुषी चालीची बाई. नवरा वारल्यावर दोन दीरांची वावरं तिनेच सांभाळलेली. घागर खाली ठेवून म्हणाली, “भाऊसाहेब, तुमी सांगता चांगलं. पर ऐकून कोन राह्यलं, ते बगत न्हाई.”

मी म्हणालो, सगळे हो म्हणाले होते की.

“हो म्हनायला काय लागतं? मान हाय ती, हालती.” मग ती माझ्या समोर खाली बसली आणि मिठाची गोष्ट सांगितली. ती सगळी माझ्या शब्दांत सांगतो, कारण तिच्या शब्दांत ती अर्धा तास चालली होती आणि त्यात तिच्या नणंदेच्या सासरची सात माणसं येत होती. गयाबाई दर रामनवमीला जांब समर्थला प्रसादाच्या स्वयंपाकाला जायची. तिथे चुलाणं एका ओळीत, कढया एवढ्या की आत माणूस बसेल, आणि राबणाऱ्या बाया कितीतरी गावांच्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या. त्यांच्या ओळीत एक रीत होती. ज्या बाईने कढईत मीठ टाकलं तिने मोठ्याने म्हणायचं, ‘तिसऱ्या कढईत मीठ पडलं.’ आणि बाकीच्या सगळ्यांनी हातातलं काम न थांबवता म्हणायचं, ‘तिसऱ्या कढईत पडलं.’ नुसतं हूं म्हटलं तर चालत नसे. कोणती कढई ते परत बोलायचं. मग ना आळणी, ना खारट.

“आन् माज्या नंदेच्या लग्नात,” गयाबाई म्हणाली, “ही रीत न्हवती. चौघींनी टाकलं मीठ. वाढपी पळून गेल्ते, भाऊसाहेब. नवरदेव आजून पानी पिऊन राह्यला.”

मी हसलो नाही, कारण मला आत काहीतरी लख्ख दिसलं होतं. माझ्या खिशात यादी होती. कामं मात्र चाळीस डोक्यांत व्हायची होती आणि त्या डोक्यांत काय पोचलं हे मी एकदाही परत ऐकून घेतलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी मी एकच नियम सांगितला. आजपासून इथे जी बराबर म्हणायचं नाही. आज आपण काय करणार, कुठे करणार, आणि आपलं काम कुणासाठी अडलंय, हे ज्याने त्याने आपल्या तोंडाने परत सांगायचं. पाटलांनी घोंगडीवर बसल्या बसल्या विचारलं, “म्या काय शाळंत आलोय का, भाऊसाहेब?” मी म्हणालो, पाटील, तुम्ही पहिले. तुम्ही बोललात तर बाकीचे बोलतील.

पाटील खाकरले. मिशीवरून हात फिरवला. “माजी बैलजोडी,” ते म्हणाले, “आज घानीला जाईल.”

कोण नेणार, मी विचारलं.

पाटलांनी रामाकडे पाहिलं, रामाने जमिनीकडे. बाया टोपल्यांवर बसून तोंडाला पदर लावून होत्या. शेवटी पाटील म्हणाले, “रामा, गोठ्यात ये आन् सोडून ने. मी सांगून राह्यलो तुला, सगळ्यांपुढं.” आणि रामा, जो आजवर पाटलांसमोर पुरतं एक वाक्य बोलला नव्हता, तो म्हणाला, “गोठ्यात येतो आन् सोडून नेतो. दिवस मावळायच्या आत बांधून जातो. पेंड कोन देनार?” पाटील म्हणाले, पेंड मी देणार. अर्ध्या घटकेत ती घाणी फिरायला लागली.

घाणीचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. दगडाचं जड चाक गोल चरात फिरतं, खाली चुना, वाळू आणि विटांची भुकटी चिरडली जाते, आणि एक लांबलेला, ओला, खरखरीत सूर दिवसभर चालू राहतो. त्या सुरावर आमचा उन्हाळा चालला. बैल फिरतायत तोवर काम फिरतंय. दुपारी कडुनिंबाची वाळलेली फुलं वाऱ्याने चरात यायची. चुन्यात घालायला गुळाचं पाणी आणि बेलाचा गर कालवलेला असायचा, त्यावर मुंग्या आणि मधमाश्या. बायांच्या तळपायांना चुन्याने भेगा पडल्या. रात्री तेल लावायचं आणि सकाळी पुन्हा यायचं. एवढं सगळं सोसून त्या उन्हाळ्याची आठवण मला सणासारखी येते. कारण रोज सकाळी बाभळीखाली चाळीस माणसं बोलत होती. आधी अडखळत, मग चढाओढीने. एक गाडीवाला तर आपलं काम सांगून झालं की शेजारच्याचंही सांगायचा. त्याला थांबवावं लागे. बाया ‘कढईत पडलं’च्या चालीवर म्हणायच्या, ‘दुसऱ्या टप्प्यात चुना पडला.’ आणि वरच्या काठावरून उत्तर यायचं, ‘दुसऱ्या टप्प्यात पडला.’ रस्त्याने जाणारा परका माणूस थांबून बघायचा, इथे भजन चाललंय की बांधकाम.

दोर आणि गूळ आणायला मी मध्येच जुन्या जालन्याला येऊन गेलो. ज्या गल्लीत आज राहतो तिच्याच तोंडाशी एका मारवाडी शेठचं दुकान होतं. घराणं राजस्थानातलं, पण पणजोबांपासून इथलं. मी माल सांगितला. शेठनी कान देऊन ऐकला आणि मला उलट म्हणून दाखवला: सुती नाही, अंबाडीचा दोर, चार वेटोळी, काळा गूळ चालेल, गाडी मंठ्यापर्यंत, पुढे तुमची. मी विचारलं, शेठजी, लिहिलंय तरी म्हणून का दाखवता? ते म्हणाले, “कागद ठीक आहे, भाऊसाहेब. पण माल माणूस भरतो. एकदा तुम्ही बोला, एकदा मी बोलतो, मग दोघांनाही फिरता येत नाही.” मला वाटलं, मी एवढा शिकलो आणि ही साधी गोष्ट मला सोडून सगळ्यांना माहीत होती. स्वयंपाकाच्या बायांना माहीत, पेढीवरच्या शेठना माहीत. माहीत नव्हती ती फक्त वही बाळगणाऱ्याला.

मृगाला नऊ दिवस असताना ओव्हरसियर साहेब आले. तरुण, हुशार, हैदराबादकडून नवेच बदलून आलेले. पहिल्या फरशीच्या वेळचे साहेब हे नव्हेत. उन्हात डोक्यावर मोठी टोपी, बूट पांढरे झालेले. चर पाच हात खोल गेला होता. साहेबांनी वरूनच गड्याला सांगितलं, पहार मारून बघ. पहार खणखणीत वाजली. दुसरीकडे मारली, तिथेही वाजली. साहेब म्हणाले, “खडक लागला. बिलकुल ठीक. उद्यापासून पाया भरा. दिवस कमी आहेत, जल्दी करा. समजलं?”

आणि एवढ्या दिवसांची सवय क्षणात गळून पडली. मला ऐकू येत होतं, चाळीस गळ्यांत ते दोन शब्द जमा होत होते. मी घाईने म्हणालो, साहेब, आमची इथे एक रीत आहे. प्रत्येकाने आपलं काम परत सांगायचं. साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, पण हो म्हणाले. पाया भरायचं काम गवंड्याचं. म्हणून पहिली पाळी सटवाजीची.

तो चराच्या तळाशी उभा होता. वर बघून म्हणाला, “साहेब म्हन्तात, खडक लागला. उद्यापून पाया भरायचा.” इथपर्यंत बरोबर. आता ‘भरतो’ एवढंच म्हणायचं होतं. तो थांबला. थापी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. घाणीचे बैलही नेमके त्या वेळी उभे राहिले होते. त्याच्या कपाळावरून घामाचा ओघळ चुन्याने पांढऱ्या झालेल्या गालावर उतरताना मला दिसला. दोन वर्षांपूर्वी, ह्याच ओढ्यात, ह्याच जागी, त्याने काय म्हटलं असेल ते मला त्या क्षणी कळलं.

“न्हाई, साहेब,” सटवाजी म्हणाला. “मला बराबर वाटून न्हाई राह्यलं. पहार वाजती, पर ह्यो खडक न्हाई.”

पाटलांच्या हातातली तंबाखू हातातच राहिली. साहेब म्हणाले, वाजतेय तर खडक नाही म्हणजे काय? सटवाजीने वर गयाबाईकडे पाहिलं. एवढं ‘न्हाई’ म्हणण्यातच त्याचा सगळा श्वास खर्ची पडला होता. तेव्हा वरून गयाबाई बोलली. साहेबांकडे न बघता, ओढ्याकडे बघत.

“उन्हाळ्यात पान्यासाठी वाळूत झिरे आमी बायाच खांदतो, साहेब. चार-पाच हात वाळू. मंग पिवळी माती. वाळली की दगडावानी वाजती. पानी लागलं की लोनी. खडक तिच्याखाली, आनखी दोन हात.”

आणि तिने आपली भरलेली घागर चरात सटवाजीच्या पायाशी रिकामी केली. त्याने थोडं थांबून पहार उचलली आणि त्याच जागी मारली. पहार वाजली नाही. वीतभर आत गेली आणि तशीच उभी राहिली.

साहेबांनी टोपी काढली. मला वाटलं, आता चिडतील. इतक्या लोकांसमोर एका गवंड्याने आणि एका बाईने खोटं पाडलं होतं. ते चरात उतरले, बुटांसकट. ओली पिवळी माती चिमटीत घेऊन चोळली. मग सटवाजीला म्हणाले, “मी परत सांगतो, चुकलं तर थांबवा. ही माती पूर्ण काढायची. आणखी दोन हात खाली खडक. तो लागल्यावर त्याच्यावर पाणी टाकून बघायचं, पहार मारून बघायचं, आणि तुम्ही हो म्हणाल तेव्हाच पाया भरायचा. बरोबर?”

सटवाजीने मान हलवली नाही. तो म्हणाला, “पानी टाकून बगायचं, पहार मारून बगायची, मंग मी सांगतो.”

मला त्या उन्हाळ्यातलं सगळं विसरायला लावलं तरी एवढं विसरणार नाही: चरात समोरासमोर उभी दोन माणसं, एकाचे बूट चिखलात, दुसऱ्याचे पाय, आणि साहेब गवंड्यापुढे काम परत म्हणून दाखवतायत.

पुढचे दिवस कसे गेले ते वहीत आहे, पण वाचायची गरज नाही. नऊ दिवसांचं काम, त्यात दोन हात खोली वाढलेली. पण आता एकही दगड दोनदा उचलला गेला नाही. एकही बैल वाट बघत उभा राहिला नाही. पहिल्या आठवड्यात आम्ही जितकं घाम गाळून बिघडवलं होतं, त्याच्या अर्ध्या घामात शेवटच्या आठवड्यात उभं केलं. मृगाच्या दोन दिवस आधी सटवाजीने शेवटचा दगड बसवला आणि थापीच्या मुठीने त्यावर तीनदा ठोकलं.

मग वाट बघणं. फरशी बांधून होते उन्हाळ्यात, ठरते भाद्रपदात. मोठा पूर तेव्हाच आला. दीड दिवस ओढा दोन्ही काठ धरून गढूळ वाहत होता, झाडं, कडब्याच्या पेंढ्या, एक मोडका नांगर घेऊन. सटवाजी त्या दीड दिवसात घराबाहेर पडला नाही. दुसऱ्या दुपारी पाणी उतरायला लागलं तेव्हा अख्खं गाव काठावर होतं. पाटलांनी त्याला बोलावून आणलं, जवळजवळ ओढतच.

आधी गढूळ पाण्यावर एक सरळ रेघ उमटली. मग कडा दिसली. मग पाणी घोट्याएवढं, मग नुसती ओल, आणि फरशी या काठापासून त्या काठापर्यंत एकसंध, गाळाने माखलेली, जागच्या जागी. सटवाजी खाली उतरला, मधोमध जाऊन उकिडवा बसला आणि तळव्याने गाळ बाजूला सारला. खालचा सांधा बघितला. पुढचा बघितला. असं करत करत तो पलीकडच्या काठापर्यंत गेला, आणि तिथे उभा राहून त्याने पहिल्यांदा आमच्याकडे तोंड केलं.

गयाबाई अलीकडून म्हणाली, “फरशी राह्यली.” आणि काठावरच्या सगळ्या बायांनी, मग गाडीवाल्यांनी, मग पाटलांनीसुद्धा तिच्यामागे म्हटलं, “फरशी राह्यली.” पलीकडून उत्तर यायला वेळ लागला. पण आलं.

परत येताना पारावरच्याच एकाने त्याला गाठलं आणि म्हणाला, “सटवाजी, आमची चूल घालायची राह्यलीय बरं का.” पाण्यापासून लांब वगैरे काही नाही. सटवाजी न थांबता म्हणाला, “सध्या येळ न्हाई. भाऊसाहेबांच्या यादीत नाव लावा.” एवढं मोठ्याने हसलेलं गाव मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मी पुष्कळ कामं केली. विहिरी, शाळेच्या खोल्या, एक पाझर तलाव. पैसा कमी पडल्याने अडलेली कामं पाहिली, पाऊस आल्याने अडलेली पाहिली. पण सगळ्यात जास्त अडलेली पाहिली ती सगळे हो म्हणाल्यामुळे. आता माझ्या हाताखाली सात ग्रामसेवक आहेत. नवा मुलगा आला की मी त्याला यादी करायला शिकवतो, आणि मग ती मिटून समोरच्याकडून तोंडी ऐकायला शिकवतो. दुसरं शिकायला जास्त दिवस लागतात. मुलं हुशार आहेत. ती लगेच म्हणतात, समजलं, साहेब. मी म्हणतो, काय समजलं ते सांग.

एक गोष्ट मात्र वर लिहिली नाही, ती इथे लिहितो. गेल्या महिन्यात कचेरीतली जुनी कपाटं लावताना पहिल्या फरशीच्या चौकशीचा कागद हाती आला. ‘गवंड्याने पाया उथळ ठेवल्यामुळे बांधकाम वाहून गेले.’ खाली त्या वेळच्या साहेबांची सही, आणि अक्षर माझं. मी गावात नवा होतो. साहेबांनी सांगितलं, मी लिहिलं. सटवाजीला एका शब्दानेही विचारलं नाही. त्या दिवशी चरात त्याच्याकडे बघताना मला हाच कागद आठवला होता, पण तेव्हा काम पुढे होतं, आणि नंतर आनंद पुढे होता. कागद मागेच राहिला. नव्या कामांना कारागीर निवडताना वरचे लोक जुने कागद बघतात. चार वर्षं उभ्या असलेल्या फरशीचा कागद कुठेच नाही. वाहून गेलेलीचा आहे.

दुरुस्तीचा अर्ज मी लिहून तयार केला आहे. पाया का उथळ राहिला, पिवळी माती म्हणजे काय, चौकशीत कुणाला विचारायला हवं होतं आणि कुणी विचारलं नाही, सगळं त्यात आहे, माझ्या नावासकट. पाठवलेला नाही. पाठवण्याआधी तो सटवाजीला वाचून दाखवायचा आहे, आणि त्यात काय लिहिलंय ते त्याच्या तोंडून ऐकायचं आहे. रजा मिळाली आहे, मंठ्याची मोटार रोज सकाळची आहे. अर्ज लिहून तीन आठवडे झाले, अजून मी गेलेलो नाही.